चातुर्मास, कांदा-लसूण-वांगं बंद आणि घरात जगभरच्या चवींची मागणी

तलावपाळी | शनिवार, रात्री १०:१२

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. साबा (सासूबाई) चातुर्मास पाळतात. कांदेनवमीला भजी, थालीपीठ, पीठ पेरून कांद्याची भाजी असं सगळं एकदाचं खाऊन घ्यायचं, की आषाढीपासून थेट कार्तिकीपर्यंत कांदा, लसूण, वांगं घराबाहेर. त्यांची कोणावर सक्ती नाही, पण एकाच ओट्यावर दोन-दोन फोडण्या करून मला सकाळची फास्ट लोकल गाठता येत नाही. म्हणून सगळं घरच पाळतं.

इतकी वर्षं निभलं. यंदा लेक नववीत गेली आणि तिला स्वयंपाकाचे व्हिडिओ बघायचा नाद लागलाय. दुधी दिसला की "परत?" एवढंच म्हणते, पण ज्या सुरात म्हणते तो मला आयुष्यभर पुरेल. मागच्या रविवारी कांदा-लसूण वगळून लाल सॉसचा पास्ता केला. साबा म्हणाल्या, "सारात शेवया छान लागतात." त्यांनी खरंच कौतुक केलं होतं, हे जास्त लागलं. मग थाई करीची तयार पेस्ट आणली. घरी येऊन चष्मा लावून पाकीट वाचलं तर छोटे कांदे, लसूण आणि वर सुकट! पाकीट शेजारी गेलं. साबांना अजून माहीत नाही.

तर प्रश्न असा: भाजी हाच मुख्य पदार्थ असलेलं, बाहेरच्या देशांतलं, कांदा-लसूण-वांगं-अंडं नसलेलं आणि तरी चवीचं काय करता येईल? आठवड्याच्या दिवशी चाळीस मिनिटांत व्हायला हवं. भाज्या जांभळी नाक्यावर मिळतात त्याच. झुकिनी आणि अव्होकाडो सुचवणाऱ्यांना आगाऊ नमस्कार.

सरळ_वरणभात | शनिवार, रात्री १०:२०

वरण, भात, तूप, लिंबू. धागा संपला.

घणसोलीचा_बल्लव | शनिवार, रात्री १०:३१

कांद्याची पावडर चालते का? मी तीच वापरतो, चिरायचा कंटाळा म्हणून.

माजघर | शनिवार, रात्री १०:४४

अहो बल्लव, पावडर झाली म्हणून कांदा सुटतो का? उद्या वांग्याचं भरीत मिक्सरमधून काढून "हे वांगं नव्हे" म्हणाल. (हलके घ्या.)

तलावपाळी, तुमचा पास्ता का फसला ते सांगते. ज्या पदार्थाचा पायाच कांदा-लसूण आहे त्यातून तो काढला की खाली भोक पडतं. कांदा तीन कामं करतो: गोडवा आणतो, रस दाट करतो आणि वास देतो. वासाचं काम हिंग करेल, पण खडा हिंग तुपात फुलवलेला. डबीतल्या हिंगात निम्म्याहून जास्त पीठच असतं. दाटपणाला खोबरं नाहीतर कूट, गोडव्याला लाल भोपळा. तिन्ही भरून काढलं तर चालतं, एकच भरून काढलं की सार होतं.

बेलापूर_व्हाया_ओसाका | रविवार, सकाळी ८:०५

माजघर यांच्याशी सहमत, फक्त एक पाऊल पुढे जातो. कांदा काढून त्याची जागा भरत बसण्यापेक्षा जिथे मुळातच कांदा नाही असे पदार्थ शोधा. जगात असे स्वयंपाक आहेत आणि ते आपल्यासारख्याच कारणाने तयार झालेत.

मी कंपनीच्या कामाने चार वर्षं जपानात ओसाकाला होतो. शाकाहारी माणसाचे तिथे हाल होतात, कारण साध्या सूपातही वाळवलेल्या माशाचं पाणी असतं. मला वाचवलं ते बौद्ध देवळांतल्या जेवणाने. त्याला शोजिन र्‍योरी म्हणतात. मांस-मासे नाहीतच, शिवाय कांदा, लसूण धरून पाच उग्र वासाच्या भाज्या वर्ज्य. चीन, तैवान, व्हिएतनाममधल्या देवळांतही हाच नियम. कारणही आपल्या आज्ज्या सांगतात तेच, चित्त चाळवतं. तर साबांना सांगा, हा स्वयंपाक सोवळ्यातलाच आहे, फक्त गाव लांबचं.

सोपी सुरुवात म्हणजे गोमाए. पाव किलो फरसबी बोटभर लांब कापून मिठाच्या उकळत्या पाण्यात तीन-चार मिनिटं, लगेच गार पाण्यात, मग कोरडी पुसून घ्यायची. तीन चमचे पांढरे तीळ खमंग भाजून खलबत्त्यात कुटायचे. मिक्सर नको, तेल सुटून गोळा होतो. निम्मे दाणे अख्खे राहिले तर उत्तम. त्यात चमचाभर सोया सॉस, अर्धा चमचा साखर आणि मग फरसबी कालवायची. झालं. वीस मिनिटं पुरतात. सोया सॉसचं लेबल मात्र वाचून घ्या. सोयाबीन, गहू, मीठ, पाणी एवढंच लिहिलेला घ्यायचा.

रविवारसाठी केंचिनजिरु. कामाकुराचं केंचो-जी नावाचं देऊळ १२५३ सालचं आहे. हे सूप त्याच देवळातलं असं मानतात. मुळा, गाजर, अळकुड्या जाडसर तुकडे करून तिळाच्या तेलावर परतायच्या. नुसतं पाणी ओतून उकळल्या तर हॉस्पिटलचं सूप होतं. कडा जरा लालसर झाल्या की टोफू हाताने कुस्करून घालायचा, सुरीने नाही. मग पाच वाट्या पाणी, अळकुडी मऊ होईपर्यंत उकळी, शेवटी दोन चमचे सोया सॉस आणि किसलेलं आलं. अळकुडीच्या बुळबुळीतपणामुळे रस आपोआप दाट होतो, वेगळं काही लावावं लागत नाही.

तिथे पाणी साधं नसतं, कोंबू नावाचं वाळवलेलं समुद्री शेवाळ आणि शिताके अळंबी भिजवलेलं असतं. १९०८ मध्ये तोक्योच्या किकुनाए इकेदा यांनी कोंबूच्या पाण्यातूनच ग्लुटामेट हे चवीचं द्रव्य वेगळं काढलं आणि त्या चवीला 'उमामी' नाव दिलं. माझ्याकडे शिताकेचं एक न उघडलेलं पाकीट आहे, हवं तर देतो.

तलावपाळी | रविवार, सकाळी ९:१८

अळकुड्या! आमच्याकडे अळकुडी म्हणजे उपासाच्या दुसऱ्या दिवशी करायची, कोणी न मागितलेली भाजी. फार फार धन्यवाद. अळंबीचं साबांना विचारते, खात्री नाही.

सरळ_वरणभात | रविवार, सकाळी ९:३०

मुळ्याचं पातळ पाणी प्यायला कामाकुराला कशाला जायचं म्हणतो मी.

खारघर_खादाड | रविवार, दुपारी १२:५०

वाचनखूण साठवली.

थायलंडमध्येही असाच प्रकार बघितलाय. चिनी पंचांगाच्या नवव्या महिन्यातले पहिले नऊ दिवस, म्हणजे बहुतेक वेळा आपल्या नवरात्राच्या आसपास. फुकेतला तर रस्तेच्या रस्ते पिवळ्या झेंड्यांनी भरलेले असतात, त्यावर लाल अक्षरात 'जे'. ते चिन्ह असलेल्या गाडीवर मांस, मासे, अंडी, दूध, कांदा, लसूण काही नाही. तेव्हा थाई करी कांदा-लसणाशिवाय होत नाही हे खरं नाही, फक्त तयार पेस्टची होत नाही.

घरी मी अशी वाटतो: गवती चहाचा खालचा पांढरा दांडा (पातं नाही, पातं चहात टाका), आलं, चार हिरव्या मिरच्या, कोथिंबिरीच्या काड्या मुळांसकट, भाजलेले धने-जिरे, लिंबाची साल किसून. साल फक्त हिरवी, पांढरं आलं की कडू. नारळाचं दाट दूध आधी कढईत तेल सुटेपर्यंत आटवायचं, त्यात वाटण परतायचं, मग पातळ दूध. आपण उलटं करतो, म्हणून आपली थाई करी सोलकढीसारखी लागते. भाज्या म्हणाल तर लाल भोपळा आणि पडवळ. पडवळ माझ्याकडे फक्त याच पदार्थात संपतो.

वाशीच्या एपीएमसीत (घाऊक बाजारात) परदेशी भाज्यांचे ढीग असतात हे खरं, पण मी तिथून शेवटी पडवळ घेऊनच परत येतो.

माजघर | रविवार, दुपारी २:१५

कुंडीतल्या लिंबाच्या झाडाची कोवळी पानंही चिरून घाला वरून. आमच्या लिंबाला दहा वर्षांत एक फळ नाही, निदान पानं तरी कामी येतील.

रानहळद | रविवार, संध्याकाळी ५:४०

कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडं लांबण लागेल, सांभाळून घ्या.

चीनच्या सिचुआन प्रांतात एक मिरी वापरतात. ती मिरी नव्हेच, एका काटेरी झाडाच्या फळाची टरफलं असतात. खाल्ली की ओठांना मुंग्या येतात. लंडनमध्ये २०१३ साली संशोधकांनी लोकांच्या ओठाला ती लावून बोटावरच्या कंपनाशी तुलना करायला लावली. ओठांवरची झिणझिण सेकंदाला सुमारे ५० कंपनांइतकी निघाली. आता गंमत बघा. त्या झाडाची प्रजाती झँथोझायलम आणि आपलं तिरफळ हेही झँथोझायलमच! दोन्ही लिंबाच्या कुळातली, म्हणून दोन्हींना आंबूस वास. आपल्याकडे तिरफळ बांगड्याच्या नाहीतर पेडव्याच्या आमटीत जातं, त्यामुळे शाकाहारी घरांत फारसं पोचलेलं नाही.

सिचुआनी कोरडी फरसबी तिरफळावर करून बघा. फरसबी धुवून पंख्याखाली पूर्ण कोरडी करा, नाहीतर तेल तुमच्यावर येईल. तीन चमचे तेलात मध्यम-मोठ्या आचेवर, झाकण न ठेवता, आठ-दहा मिनिटं परता. साल सुरकुतली पाहिजे, जागोजागी फोड आले पाहिजेत. आपल्याला भाजी "शिजली का" एवढंच बघायची सवय, इथे तिच्यातलं पाणी उडवणं हेच काम आहे. चव त्यात एकवटते. मग काढून ठेवा. त्याच कढईत चिमूटभर हिंग, चार सुक्या मिरच्या मोडून, बारीक चिरलेलं आलं आणि सात-आठ तिरफळं. तिरफळाचं काळं बी आधी फेका, ते दाताखाली वाळूसारखं येतं. टरफल हलकं भाजून कुटायचं. मूळ पदार्थात खारवलेल्या मोहरीच्या पाल्याचा चुरा असतो. त्याऐवजी मी तळलेली सांडगी मिरची चुरडते. फरसबी परत टाकून चमचाभर सोया सॉस, चिमूट साखर. गरम भातावर घ्या. मूळ रेसिपीत लसूण असतो बरं का, पण तिरफळ आणि सांडगी मिरचीपुढे तो आठवत नाही.

घणसोलीचा_बल्लव | रविवार, संध्याकाळी ६:०२

तोंपासु (तोंडाला पाणी सुटलं). तिरफळ मिळतं कुठे?

रानहळद | रविवार, संध्याकाळी ६:२०

कोकणी वस्तूंच्या दुकानात विचारा, कोकमाच्या शेजारी पुडी असते. हुंगून घ्या. वास नसेल तर ते मागच्या जन्मीचं आहे.

तलावपाळी | मंगळवार, रात्री ९:५५

अपडेट देते.

गोमाए: पहिल्याच दिवशी फस्त. साबा म्हणाल्या, "कूट जरा जास्त चाललं असतं." म्हणजे पसंत आहे.

तिरफळाची फरसबी: लेकीने अर्धी खाल्ली, मग ओठ हलवून बघत बसली. नवरोबांना दातांच्या डॉक्टरकडची सुई आठवली, तरी पोळी संपेपर्यंत खात होते. पुढच्या वेळी आठऐवजी पाच तिरफळं घालीन.

आता फजिती. अळूची छान काळ्या देठाची पानं मिळाली, तर म्हटलं कॅरिबियन कॅलालू करू. त्रिनिदादमध्ये अळूची पानं, भेंडी आणि नारळाचं दूध असं एकत्र शिजवतात, हे लेकीनेच शोधून काढलं. त्यात चिंच-कोकम काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून घातलं नाही. वीस मिनिटांत पानं मऊ दिसली, उतरवलं. पहिल्या घासाला ठीक, दुसऱ्याला सगळ्यांचे हात गळ्याकडे. साबा काही न बोलता उठल्या आणि कोकमाचं आगळ घेऊन आल्या. त्या न बोलण्याचंच जास्त वाटलं.

माजघर | मंगळवार, रात्री १०:१०

अग बाई! अळूला आंबट नाही? रेसिपी त्रिनिदादची असली तरी घसा ठाण्याचाच ना.

रानहळद | मंगळवार, रात्री १०:३५

अळूत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, ते टोचतात. भाजीच्या अळवातही थोडेफार असतातच. मऊ दिसणं पुरेसं नाही, मंद आचेवर निदान चाळीस मिनिटं शिजू द्या आणि चार-पाच आमसुलं घाला. तिथलेही लोक पार गळेपर्यंत शिजवतात आणि रवीसारख्या घोटणीने घोटतात.

पदार्थ सोडू नका मात्र, फार चांगला आहे. आमचं प्रमाण: दहा-बारा पानं देठांसकट, सात-आठ भेंड्या, लाल भोपळ्याची एक फोड, दीड वाटी नारळाचं दूध. एक तिखट मिरची अख्खी वर तरंगत ठेवायची आणि फुटू द्यायची नाही. वास येतो, जाळ येत नाही. ते लोक जाड पानांचा एक थाइम घालतात. तो म्हणजे आपला पानओवा, ठाण्यातल्या निम्म्या बाल्कन्यांत आहे आणि भज्यांपलीकडे कोणी वापरत नाही. दोन पानं पुरे. कांदा-लसूण तिकडे असतात, पण इथे पानओवा आणि नारळाने भरून निघतं.

अवांतर: १८४५ पासून हिंदुस्थानातले गिरमिटिया मजूर त्रिनिदादला गेले. तिथे आजही पालेभाजीला 'भाजी'च म्हणतात.

सरळ_वरणभात | मंगळवार, रात्री १०:४१

म्हणजे फदफदं. डाळ-दाणे-मुळा काढून टाकलेलं फदफदं. मी काय म्हणत होतो पहिल्यापासून?

तलावपाळी | मंगळवार, रात्री १०:५०

काका, तुम्ही वरणभात म्हणत होतात.

घणसोलीचा_बल्लव | बुधवार, दुपारी १:२०

माझ्याकडून एक, न चिरता होणारं. ब्रह्मदेशातल्या शान लोकांचा टोफू. सोयाबीनचा नाही, बेसनाचा! एक वाटी बेसन, तीन वाट्या पाणी, हळद, मीठ. अर्ध्या पाण्यात बेसन गुठळी न ठेवता कालवायचं, उरलेलं पाणी उकळून त्यात ओतायचं आणि आठ-दहा मिनिटं हात न थांबवता ढवळायचं. तेल लावलेल्या थाळीत ओतून दोन तास विसरून जायचं. मग वड्या कापून त्यावर चिंचेचा कोळ, सोया सॉस, लाल तिखट, दाण्याचं भरड कूट, कोथिंबीर. शेवटी कोरडं भाजलेलं बेसन चमचाभर भुरभुरायचं, तेच याचं मर्म. सोबत कोबी आणि काकडी एकदम बारीक चिरून (ठीक आहे, एवढं चिरावं लागतं). तिकडे वर तळलेले कांदे घालतात, तुम्ही तीळ घाला.

माजघर | बुधवार, दुपारी १:४५

पाटवडी.

घणसोलीचा_बल्लव | बुधवार, दुपारी १:५२

नाही हो माजघरताई. पाटवडीला फोडणी आतून असते, ही आतून गप्प आणि बाहेरून बडबडी. शिवाय गार खायची आणि दाबली की थरथरली पाहिजे.

माजघर | बुधवार, दुपारी १:५८

बरं. गार, थरथरणारी पाटवडी. करून बघते.

खारघर_खादाड | बुधवार, रात्री ८:३०

मक्याच्या कणसांचे दिवस आहेत तर मेक्सिकोचे एस्कितेस विसरू नका. दाणे काढून तुपावर मोठ्या आचेवर परतायचे, काळे डाग पडू द्यायचे. लिंबू, तिखट, मीठ, चमचाभर घट्ट चक्का आणि खारवलेलं पनीर कुस्करून. तिथे मेयोनीज आणि त्यांचं खारं चीज असतं, पण बाजारच्या मेयोनीजमध्ये अंडं नाहीतर लसूण निघण्याची शक्यता फार, म्हणून चक्का. ठाण्याच्या तलावपाळीवर पावसात उभं राहून खायच्या कणसाचा वाटीतला भाऊच म्हणा.

तलावपाळी | शनिवार, रात्री ९:४०

परत एकदा हजर.

अळू दुसऱ्यांदा केलं, आमसुलं घालून, पन्नास मिनिटं. या वेळी सगळ्यांनी भातावर घेतलं. लेकीने मैत्रिणीला फोटो पाठवून खाली "कॅलालू" लिहिलं, साबांनी त्यांच्या भजनी मंडळात "नारळाच्या दुधातलं अळू" म्हणून सांगितलं. दोघीही बरोबर आहेत.

बल्लव, तुमची वडी पहिल्यांदा बसली नाही, पिठल्यासारखी राहिली. मी पाच मिनिटांतच उतरवलं होतं. दुसऱ्यांदा चमचा टाकल्यावर माग राहील इतकं आटवलं, मग थरथरली.

ओसाकावाले, शिताकेचं असं झालं. साबांनी निर्णय स्वतः न घेता डोंबिवलीच्या मावशींना फोन केला. मावशींनी त्यांच्या गुरुजींना विचारलं. गुरुजी म्हणाले, "अळंबी नको, बाकी चिनी-जपानी काय करायचं ते करा." त्यामुळे केंचिनजिरु कोंबूशिवाय, अळंबीशिवाय, नुसत्या पाण्यात केलं. दोन टोमॅटो बारीक चिरून तेलावर पार आटवून घातले, तेवढं कमी भरून काढायला. ते कामाकुराला चालणार नाही बहुधा, नौपाड्यात चाललं. अळकुड्या संपल्या. संपल्या म्हणजे पातेल्यात शोधून संपवल्या.

बेलापूर_व्हाया_ओसाका | शनिवार, रात्री १०:०५

टोमॅटो चालेल की, त्यातही ग्लुटामेट भरपूर असतं, पिकलेला हवा फक्त. मग शिताकेचं पाकीट मी कार्तिकी एकादशीपर्यंत जपून ठेवतो. तुळशीच्या लग्नानंतर कळवा, ट्रान्सहार्बर लोकलने ठाण्याला येऊन देईन.

सरळ_वरणभात | शनिवार, रात्री १०:११

मी ठाण्यातच असतो. माझ्याकडे चातुर्मास नाही.

बेलापूर_व्हाया_ओसाका | शनिवार, रात्री १०:१४

काका, मग उद्याच? दहा नंबर फलाट, साडेअकरा. रात्रभर फ्रिजमध्ये गार पाण्यात भिजवा, गरम पाण्यात नको. ते पाणी वरणात घाला.